ट्रोलिंग मोटरची नवी वायर: बॅटरी मागेच ठेवायची की नाळेवर आणायची?

मासेमारीच्या होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, ट्रोलिंग मोटर (होडी सावकाश हलवणारी छोटी विजेची मोटर) बसवायची ठरली, की दोन वाटा समोर येतात. बॅटरी मागे इंजिनाजवळच ठेवून पुढपर्यंत लांब केबल ओढायची, नाहीतर बॅटरीच पुढे आणून छोट्याशा केबलवर भागवायचं.

बरेच जण मोटरची ताकद पाहून वायर निवडतात. मी आधी टेप काढतो. अंतर जाऊन-येऊन धरायचं, कारण करंट एका वायरीने जातो आणि दुसरीने परत येतो. बॅटरी मोटरपासून ५ मीटरवर असेल तर हिशेब १० मीटरचा.

५५ पौंड थ्रस्टची (म्हणजे ढकलण्याच्या जोराची) १२ व्होल्टची मोटर पूर्ण वेगात साधारण ५० अँपिअर ओढते. या अंतरावर ८ गेजची वायर (८.४ चौरस मि.मी.; गेजचा आकडा लहान, तितकी वायर जाड) जवळपास १ व्होल्ट खाते, म्हणजे ५० वॅट नुसते वायर तापवण्यात जातात. ६ गेजला घट ०.६५ व्होल्टवर येते, ४ गेजला ०.४ वर. म्हणून बॅटरी मागे राहणार असेल तर मी ४ गेज घेईन. ती महाग, जाड आणि वळवायला हट्टी असते, पण जोराच्या वाऱ्यात किंवा प्रवाहाविरुद्ध मोटरला पूर्ण दम लागतो तेव्हा तो मिळतो. जवळजवळ नेहमी मंद वेगातच चालवत असाल तर करंट कमी, घटही कमी. मग ६ गेज पुरते.

बॅटरी पुढे आणली तर हे गणितच बदलतं. मोटर १ मीटरवर असेल तर ८ गेजमध्येही फक्त ०.२ व्होल्ट जातात. किंमत मोजावी लागते ती वजनाची. १०० अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी २५ ते ३० किलोची असते. हलक्या होडीचं नाक त्याने दबतं, आणि लाटांचे सर्वांत जोराचे धक्के बसतात तेही तिथेच. शिवाय चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, त्यामुळे बंद कप्प्यात हवा खेळती ठेवावी लागते. लिथियम आयर्न फॉस्फेटची तेवढ्याच क्षमतेची बॅटरी निम्म्याहून कमी वजनाची असते. ती असेल तर मी बेधडक पुढे आणेन. लेड-ॲसिड असेल तर ती मागे ठेवून जाड केबलवर पैसे घालणंच मला पटतं.

मोटरही बदलायचीच असेल तर २४ व्होल्टचा विचार जरूर करा. तेवढ्याच ताकदीला करंट निम्मा लागतो आणि त्याच वायरीत घटीची टक्केवारी चौथाईवर येते.

वाट कोणतीही घ्या, काही गोष्टींत काटकसर नको. वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची हवी. साधं तांबं ओलाव्याने इन्सुलेशनच्या आतून काळं पडत जातं आणि बाहेरून काही कळत नाही. तांब्याचा नुसता थर दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल तर घेऊच नका. गेज विचारताना एडब्ल्यूजी की एसएई (वायरच्या जाडीची दोन अमेरिकी मापं) हेही विचारा, कारण त्याच आकड्याची एसएई वायर थोडी बारीक असते. ५० अँपिअरच्या मोटरला ६० अँपिअरचा ब्रेकर लावा, तोही बॅटरीच्या धन टोकालगत. एबीवायसी या होड्यांची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या मानकात हे अंतर साधारणपणे जास्तीत जास्त ७ इंच, म्हणजे १८ सेंटीमीटर आहे. ब्रेकर मोटरजवळ लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी केबल संरक्षणाविना राहते, आणि लांब केबलला शॉर्ट होण्याची जागाही जास्त. फिशफाइंडरच्या (पाण्यातले मासे स्क्रीनवर दाखवणाऱ्या यंत्राच्या) ट्रान्सड्यूसरची, म्हणजे ध्वनिलहरी सोडणाऱ्या भागाची, वायर या केबलपासून लांबून न्या, नाहीतर स्क्रीनवर खरखर दिसते.

काम झालं की होडी नीट बांधून, प्रोपेलर पाण्यात ठेवून मोटर पूर्ण वेगात चालवा. व्होल्टेज आधी बॅटरीच्या टोकांवर मोजा, मग मोटरच्या प्लगवर. फरक हिशेबापेक्षा बराच जास्त निघाला तर वायरला दोष देण्याआधी प्रत्येक क्रिंप (दाबून बसवलेला जोड) आणि प्लग तपासा. जो जोड हाताला गरम लागेल, तो कापून नव्याने करा.