मोगऱ्याची शेपटी आणि लाकडी पेलेटचे लिटर : एका पावसाळ्याचा अनुभव

आमच्या घरी मोगरा नावाचा पांढरा पर्शियन बोका आहे. लांब केसांचे मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असलेली, पण पाहुण्यांसमोर कुणी न काढणारी अडचण आमच्याकडेही होती. शौचासाठी ठेवलेल्या ट्रेमधून उठलेला मोगरा थेट दिवाणावर येऊन बसे आणि त्याच्या मागच्या मांड्यांवरील झुपकेदार केसांत, शेपटीच्या खाली, ओल्या मातीचे गोळे व कधी कधी त्याहूनही नकोसे काही लोंबत असे. यंदा जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, म्हणजे कोल्हापूरचा सगळा पावसाळाभर, आम्ही ट्रेमध्ये पसरायचे लिटर म्हणून नेहमीची माती बंद करून पाइनच्या लाकडापासून केलेले पेलेट, म्हणजे छोट्या टणक कांड्या, वापरले. हा अभिप्राय त्या पेलेटविषयी आहे. बाजारात अनेक नावांनी मिळत असले तरी पिशवीतला माल बहुतांशी एकसारखाच असतो, त्यामुळे विशिष्ट छापाचा आग्रह मी धरणार नाही.

आधीच्या मातीचा दोष काय होता, हे मला पशुवैद्यकांच्या आधी आमच्या सासऱ्यांनी सांगितले. आबांचे उभे आयुष्य उद्यमनगरातल्या फौंड्रीत साचे भरण्यात गेले. मी एकदा ट्रे साफ करत असताना त्यांनी चिमूटभर माती तळहातावर घेतली, थेंबभर पाणी टाकून बोटाने चोळली आणि म्हणाले, "अगं, ही तर आमच्या साच्यातली बेंटोनाइट!" ते अगदी खरे होते. ओतकामाच्या वाळूला साच्याचा आकार धरून ठेवता यावा म्हणून तिच्यात जी चिकणमाती मिसळतात, तीच कच्छ-राजस्थानात निघणारी बेंटोनाइट माती मांजरांच्या 'क्लंपिंग' लिटरचा मुख्य घटक असते. ओल लागताच ती फुगते आणि शेजारच्या कणांना धरून ठेवते. ट्रेमध्ये लघवीचा घट्ट गोळा होतो तो याच गुणामुळे, आणि आखूड केसांच्या मांजरासाठी हा गुण सोयीचाच आहे. परंतु मोगऱ्याच्या ओलसर केसांनाही ती माती तितक्याच इमानाने धरून बसते. त्यात मी सुरुवातीला प्रत्येक वेळी कोमट पाण्याने धुवायला जायची, म्हणजे चिकटलेल्या मातीला आणखी पाणी पाजायची. परिणामी केसांत लापशी तयार व्हायची आणि न्हाणीघराचे भोक तुंबायचे ते वेगळेच.

पेलेटचे तत्त्व नेमके उलटे आहे. दिसायला ते म्हशीला घालतात त्या गोळी पेंडीसारखे असतात. लाकडाचा भुसा दाबून केलेली ही कांडी ओली झाली की चिकटण्याऐवजी विस्कटते आणि तिचा पुन्हा भुसा होतो. दुहेरी ट्रे वापरला, तर हा भुसा वरच्या चाळणीतून खाली पडतो आणि कोरडे पेलेट वर राहतात. मोगऱ्याच्या केसांत जे काही अडकते ते आता कोरडा भुसा किंवा एखादी सुटी कांडी एवढेच असते, आणि रुंद दातांचा स्टीलचा कंगवा दोनदा फिरवला की ते गळून पडते. चार महिन्यांत केवळ शेपटीखालच्या मातीसाठी त्याला पूर्ण आंघोळ घालण्याची वेळ एकदाही आली नाही. पावसाळ्यात या गोष्टीचे मोल मोठे आहे, कारण राजारामपुरीतल्या आमच्या घरात जुलैमध्ये टॉवेलही दोन दिवस वाळत नाही, तिथे बोक्याच्या आतल्या दाट लोकरीची काय कथा! ओलसर आणि मळलेल्या केसांकडे माश्या येतात, त्यांनी तिथे अंडी घातली तर अळ्या पडतात, आणि मग प्रकरण कंगव्याचे न राहता दवाखान्याचे होते.

आता दोष. पेलेटवर विष्ठा झाकली जात नाही. मोगरा बिचारा पाय मारून मारून थकतो, आणि पेलेट फक्त खडखडतात. त्यामुळे वास लगेच कळतो आणि दिवसातून दोनदा तरी फावडी हाती घ्यावीच लागते. दुसरे म्हणजे मऊ मातीची सवय झालेल्या मांजराला या टणक कांड्या पायाखाली आवडत नाहीत. आम्ही पहिल्याच दिवशी सगळा ट्रे बदलण्याचा उतावीळपणा केला आणि मोगऱ्याने आमच्या पायपुसण्यावर आपले मत नोंदवले. नंतर मातीत मूठभर पेलेट मिसळून, प्रमाण हळूहळू वाढवत तीन आठवडे घेतले, तेव्हा गाडी रुळावर आली. तिसरा दोष खास आपल्या हवेचा आहे : उघडी राहिलेली पिशवी हवेतली ओल शोषते आणि ट्रेमध्ये जाण्याआधीच निम्म्या मालाचा भुसा होतो. घट्ट झाकणाच्या पिंपात ओतून ठेवल्यावर हा त्रास थांबला. बॉयलरच्या इंधनासाठी विकले जाणारे स्वस्त पेलेट मात्र कुणी आणू नयेत. त्यांत काय मिसळले आहे याची खात्री नसते, आणि मांजर अंग चाटते तेव्हा केसांवरचे सगळे पोटात जाते.

पेलेट आणले की काम संपले, असे मात्र समजू नये. शेपटीखालचे आणि मांड्यांच्या मागचे केस आखूड ठेवले नाहीत, तर कोणतेही लिटर हरणारच. याला ग्रूमिंगवाले 'सॅनिटरी ट्रिम' म्हणतात. शहरातल्या एका ठिकाणी मी एवढेच सांगून मोगऱ्याला सोडले, आणि परत आणायला गेले तेव्हा तो मानेपर्यंत भादरलेला होता, वर अंगाला उग्र वासाची पावडर. तेव्हापासून मी समोर उभी राहते आणि कुठले केस कापायचे ते बोट दाखवून सांगते. दर सहा-सात आठवड्यांनी मशीन फिरवले की पुरते. घरी कात्रीने गुंता कापण्याचे धाडस मी करत नाही, कारण मांजराची कातडी पातळ असते, गुंत्याबरोबर ती वर ओढली जाते आणि कात्रीला केस व कातडी यांतला फरक कळत नाही. कधी काही चिकटलेच, तर त्यावर थोडे कॉर्नफ्लोअर भुरभुरायचे, ते वाळू द्यायचे आणि मग विंचरायचे. ट्रे धुताना फिनेल वापरू नये. फिनेलमधल्या फिनॉलसारख्या द्रव्यांचे विष मांजराच्या यकृताला नीट उतरवता येत नाही. साधा साबण आणि गरम पाणी पुरेसे आहे.

आमच्याकडे निम्मा दोष दुधाचा होता, हे सांगायला सासूबाईंची परवानगी घेतली आहे. गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर पिळलेले म्हशीचे दूध पिऊन वाढलेल्या माणसाला, दूध बोक्याला बाधते हे पटवणे सोपे नाही. परंतु मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातले लॅक्टोज पचत नाही, शौच पातळ होते, आणि पातळ शौचापुढे ना पेलेट टिकतात ना माती. मोगऱ्याची सकाळची वाटी बंद झाल्यावर आठवड्याभरात शौच घट्ट झाले.

खर्च मातीपेक्षा थोडा अधिक येतो आणि चाळणीचा ट्रे वेगळा घ्यावा लागतो. आखूड केसांचे मांजर असेल, तर हा खर्च करण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. म्हातारे, सांधे दुखणारे मांजर असेल, तर टणक पेलेटऐवजी दुसरा मऊ पर्याय पाहावा. पर्शियनसारखे केसाळ मांजर असेल, तर छोट्या पिशवीपासून सुरुवात करावी आणि जुना मातीचा ट्रे महिनाभर तरी शेजारी ठेवावा. आमचा अजून गॅलरीत आहे. मोगरा रोज त्याचा वास घेतो आणि पुढे जातो.