फ्लॅट शेअर करायचा तर मित्रांबरोबर की अनोळखी लोकांबरोबर?

पुण्यात नोकरी लागते, ऑफिस हिंजवडीला नाहीतर खराडीला, आणि एकट्याच्या पगारात वन बीएचके झेपत नाही. मग कॉलेजच्या दोघातिघांनी मिळून टू बीएचके घ्यायचा, की 'फ्लॅटमेट हवा' अशी जाहिरात बघून अनोळखी माणसांत जाऊन राहायचं? घरचे अर्थातच पहिल्या पर्यायाच्या बाजूने असतात. माझा कल दुसरीकडे आहे, पण सरसकट नाही.

सुरुवात मित्रांबरोबर सोपी जाते. ब्रोकरेज वाटून जातं, डिपॉझिटला कोणाचे पैसे कमी पडले तर दुसरा घालतो, गाद्या-भांडी घरून येतात. अनोळखी घरात बहुतेक वेळा संसार आधीच मांडलेला असतो: फ्रिज, वॉशिंग मशीन, वायफाय, पोळ्यांच्या मावशी, सगळं चालू. तुम्ही बॅग घेऊन जायचं. फक्त चांगली खोली आधीच्या माणसाने धरलेली असते, तुमच्या वाट्याला उरलेली येते.

खरी परीक्षा लाइटबिलाची. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच जास्त, ३०१ ते ५०० ला आणखी जास्त आणि ५०० च्या पुढे सगळ्यात चढा. समजा, तिघांच्या घरात एरवी महिन्याला दीडशे युनिटं जळतात. एकाच्या खोलीत एसी आहे. तो रोज रात्री सात-आठ तास चालला की दोन-अडीचशे युनिटं सहज वाढतात आणि घर ३०० च्या वर जातं. आता हे वरचे महागडे युनिट कोणाचे? तीन सारखे भाग केले तर पंख्यावर झोपणारे दोघं एसीवाल्याचं बिल भरतात. अनोळखी घरात हा हिशोब पहिल्याच उन्हाळ्यात होतो; कोणी एसीसाठी सबमीटर, म्हणजे वेगळं छोटं मीटर, बसवतं, कोणी 'एसीवाल्याने निम्मं भरायचं' असं ठरवून मोकळं होतं. मित्रांत मात्र 'जाऊ दे रे, दोन-चारशेसाठी काय' म्हणून विषय बंद होतो आणि मग जूनमध्ये भलत्याच गोष्टीवरून, दुधाच्या पिशवीवरून म्हणा, भांडण पेटतं. कॉन्ट्री वेळेवर न देणारा मित्र असेल तर त्याला मेसेज टाकायलाही जीभ अडखळते. परक्याला बिलाचा फोटो नि यूपीआयचा क्यूआर पाठवला की झालं.

स्वयंपाकघरात दोन्हीकडे कटकट सारखीच, कारणं वेगळी. अनोळखी घरात मांसाहार चालतो का, अंडं तरी चालतं का, हे बहुधा जाहिरातीतच लिहिलेलं असतं, त्यामुळे नंतर धक्का बसत नाही. मित्रांत ते गृहीत धरलेलं असतं. मावशींच्या बाबतीत मात्र मित्रांचं घर उजवं. त्या कधी येतात, दार कोण उघडतं, आज भाजी कोणती हे आपोआप जमून जातं. अनोळखी घरात एक नाइट शिफ्टचा, एक सकाळी सातच्या बसचा, आणि मावशी बेल वाजवून वाजवून परत गेलेल्या.

पाहुणे, मैत्रीण, रात्री दोनला चालणारी मॅच: इथे परक्यांत नियम असतात, मित्रांत लाज. मला नियम परवडतात.

आता कागद. भाडं भरायला सगळे, पण करारावर नाव कोणाचं? महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (घर भाड्याने देताना एरवी होतो तोच) लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही नुसती समजूत. मित्रांच्या घरात बऱ्याचदा एकाच्याच नावावर करार करून घाई उरकतात. मग जुन्या कररचनेत एचआरए, म्हणजे घरभाडे भत्त्यावरची करसवलत, मागायची तर बाकीच्यांकडे नाव असलेला करार नसतो. सोसायटी किंवा पोलिसांकडच्या भाडेकरू नोंदणीतही ते नसतात. अनोळखी घरातही हे होतं, किंबहुना जास्तच: आधीचा माणूस निघून गेलेला आणि तुम्ही त्याच्या जागी, पण करारावर नाव अजून त्याचंच. घरमालक काका 'पुढच्या वेळी करू' म्हणतात. नवीन करार होईस्तोवर निदान मालकाकडून ईमेलवर होकार आणि भाडं थेट त्याच्याच खात्यात, एवढं तरी हवं.

सोडून जाण्याची वेळ आली की अनोळखी घर सुटसुटीत. 'रिप्लेसमेंट' आणा, त्याच्याकडून डिपॉझिट घ्या, निघा. मित्रांत एकाचं लग्न ठरलं किंवा कोणी बंगळुरूला गेला की उरलेल्यांवर पूर्ण भाडं पडतं, आणि त्याच्याकडे महिन्याच्या नोटिशीचे पैसे मागायचे तर मैत्री आडवी येते.

यातला सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे दोन जुने मित्र आणि तिसरे तुम्ही. तिथे प्रत्येक मतदान दोन विरुद्ध एक, मग तो सोफा असो की पाण्याचा जार. असं घर कितीही छान असलं तरी मी टाळेन. तिघंही एकमेकांना अनोळखी असलेलं घर त्यापेक्षा बरं.

मित्रांबरोबर कोणी राहावं? ज्यांचं वेळापत्रक एकच आहे त्यांनी. सदाशिव किंवा नवी पेठेत एमपीएससीची तयारी करणारे चौघं एका खोलीत, कॉट बेसिसवरही (म्हणजे फक्त एका कॉटचं भाडं देऊन), निभावून नेतात, कारण उठणं, अभ्यासिका, मेस, सगळं सोबतच असतं. पगार आणि शिफ्ट वेगवेगळ्या झाल्या की ते गणित मोडतं. तरीही मित्रांबरोबरच जायचं असेल तर किल्ली घ्यायच्या आधी तीन गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: एसीचं बिल कसं वाटायचं, करारावर कोणाकोणाची नावं, आणि मध्येच कोणी सोडलं तर त्याचं भाडं कधीपर्यंत.