आधी काय मागवावं, सेवानोंद की पेन्शनची फाइल?

त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांना आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की घराण्याची वही निघते. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) लढलेला पूर्वज शोधताना गावाच्या जागी रेजिमेंट, म्हणजे त्याची पलटण, सांगावी लागते. त्यामुळे नॅशनल पार्क सर्व्हिसच्या (अमेरिकेतलं राष्ट्रीय उद्यानांचं सरकारी खातं) सैनिकांच्या फुकट यादीत आधी रेजिमेंट बघून घ्या. खर्चाचा प्रश्न त्यानंतरचा: नॅशनल आर्काइव्ह्जकडून, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी दप्तरखान्याकडून, सैनिकाची सेवानोंद मागवायची की पेन्शनची फाइल? फाइल बरीच महाग पडते.

माझ्या नवऱ्याचे खापरपणजोबा उत्तरेच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, सैन्यात होते. ‘अँडरसनव्हिलच्या कैदेत होते’ एवढंच सासरी ठाऊक. अँडरसनव्हिल ही दक्षिणेची, जॉर्जियातली युद्धकैद्यांची छावणी. आम्ही स्वस्तातली सेवानोंद आधी मागवली. आली ती कार्डं: युद्धानंतर काही दशकांनी कारकुनांनी हजेरीपटांवरून उतरवून काढलेली. हजर, हजर, मग एकदम गैरहजर, शत्रूच्या कैदेत. पकडल्याची तारीख मिळाली, माणूस काही मिळाला नाही.

तो भेटला पेन्शनच्या फाइलमध्ये. कैदेत स्कर्व्हीनं (क जीवनसत्त्वाअभावी होणारा आजार) दात गेले, असा त्यांचा दावा होता. सोबत्याच्या प्रतिज्ञापत्रात होतं, की ओढ्यापर्यंत त्यांना दोघांनी धरून न्यावं लागे. पुढे विधवेचा अर्ज, लग्नाचा पुरावा म्हणून जोडलेलं घरच्या बायबलातलं फाडलेलं पान, मुलांच्या जन्मतारखा. वंशावळ करणाऱ्याला आणखी काय हवं? फक्त हे सगळं पैसे मिळावेत म्हणून लिहिलेलं आहे, हे विसरू नका. साक्षीदार मित्रच असतात. तारखांसाठी मी कार्डांवरच जास्त विसंबते.

तरी एकाचेच पैसे असतील तर माझं मत फाइलला. मात्र नाव जॉन स्मिथसारखं, सर्रास आढळणारं असेल तर आधी सेवानोंद, नाहीतर दुसऱ्याच्याच आजाराची कहाणी घरी यायची.

दक्षिणेकडून लढलेल्यांचं गणित निराळं. त्यांना केंद्र सरकारनं पेन्शन दिलं नाही, राज्यांनी दिलं. आणि तेही म्हातारपणी ज्या राज्यात राहत होते, त्या राज्यानं. व्हर्जिनियाकडून लढून टेक्सासात स्थायिक झालेल्याची फाइल टेक्सासात शोधायची. यांच्या बाबतीत सेवानोंदच आधी बघा. ती नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे, आणि ऑनलाइनही दिसते.

पूर्वज कैदेतच वारला असेल, तर दोन्हींच्या आधी दफनाची यादी बघा. अँडरसनव्हिलला जवळजवळ १३ हजार कैदी मेले. डोरेन्स अॅटवॉटर या कैद्यानंच मृतांच्या नोंदीची चोरून नक्कल ठेवली, म्हणून बहुतेक थडग्यांवर नावं आहेत. उत्तरेतल्या एल्मायरा छावणीत दक्षिणेचे जवळजवळ तीन हजार कैदी वारले. त्यांना पुरून नावनिशीवार नोंद ठेवली जॉन डब्ल्यू. जोन्स यांनी. ते स्वतः व्हर्जिनियातल्या गुलामीतून पळून आलेले.