चिपाड जाळायचं की शेण कुजवायचं?
कोल्हापूरच्या करवीर-कागल पट्ट्यात उसाचं चिपाड आणि म्हशीचं शेण, दोन्हीला तोटा नाही. प्रश्न एवढाच, की इंधनासाठी कोणतं बरं?

चिपाडाचं काम सरळ. टनभर ऊस गाळला की पावणेतीनशे-तीनशे किलो चिपाड उरतं. गुऱ्हाळवाले ते उन्हात वाळवून चुलवाणात सारतात; कारखान्यात जवळपास निम्मं पाणी असलेलंच बॉयलरमध्ये जातं. वाफेवर टर्बाइन फिरतं, वापरून उरलेली वीज विकली जाते. हंगाम संपला की चिपाडाचा पुरवठाही संपला. शिवाय बॉयलर हा काही एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातला नव्हे.

घरासाठी मी शेणच म्हणेन. २ घनमीटरच्या गोबरगॅसला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणजे गोठ्यात चार-पाच म्हशी हव्यात. टाकीत हवा नसते. तिथले जिवाणू शेण कुजवतात आणि वर गॅस साठतो. त्यात साधारण ५५ ते ६० टक्के मिथेन. चार-पाच माणसांचा स्वयंपाक आरामात निघतो. मात्र शेण कालवताना गुठळ्या हातानं फोडाव्या लागतात, काडीकचरा वेचावा लागतो (या कामाला घरात कुणीच पुढं येत नाही). नाहीतर वर जाड साय धरते आणि गॅस अडतो. थंडीत तो तसाही मंदावतो. बाहेर पडणारी स्लरी, म्हणजे कुजलेल्या शेणाचा पातळ काला, पाटाच्या पाण्याबरोबर थेट उसाला सोडता येते.