कोपऱ्यावरचं मेडिकल, गोळ्या कमी दिल्या म्हणून 4 स्टार

मित्राच्या हळदीला रात्री अडीचपर्यंत बसलो होतो, त्यात सर्दी, सकाळी डोकं असलं ठणकत होतं की काय सांगू. मेडिकलात जाऊन सरळ ऑर्डर दिली, डोलो 650, कॉम्बिफ्लाम आणि एक सर्दीची गोळी, तिन्ही द्या. काउंटरवरच्या मॅडमना बहुतेक वास आलाच असणार, हळूच म्हणाल्या, दादा, काल घेतली होती का? मागे दोन काकू उभ्या. मी नुसती मान हलवली.

मग त्यांनी तिन्ही पाकिटं उलटी करून दाखवली. तिन्हीत पॅरासिटामॉल! 650, 325 आणि सर्दीवालीत 500, म्हणजे एका वेळी 1475, आणि मी दिवसातून तीनदा घेणार होतो म्हणजे 4425 मिलिग्रॅम. धडधाकट माणसाची दिवसाची लिमिट 4000, आणि रोज पिणाऱ्याला डॉक्टर बऱ्याचदा 2000 च्या आतच ठेवतात. पॅरासिटामॉलचा थोडा भाग लिव्हरमध्ये विषारी होतो, तो मारायला ग्लुटाथिऑन लागतं, आणि रोजच्या दारूने ते विष जास्त बनतं, वर ग्लुटाथिऑनचा साठाही आटतो. बरं, डोस जास्त झाला तरी पहिल्या दिवशी फार काही जाणवत नाही, नुसती मळमळ, जी हँगओव्हरच वाटणार ना आपल्याला. लिव्हरचा खरा तमाशा दोन-तीन दिवसांनी.

म्हटलं मग पॅरासिटामॉल नकोच, नुसती आयबुप्रोफेन ही दुसरी पेनकिलर द्या. तर ती दारूवर घेतली की पोटात रक्तस्राव व्हायची भीती, आणि उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलं असेल तर किडनीलाही त्रास.

शेवटी 500 च्या साध्या पॅरासिटामॉलच्या फक्त दोन गोळ्या आणि ओआरएस. एक आत्ता, दुसरी लागलीच तर सहा तासांनी. कधीतरी पिणाऱ्याला एवढ्याने काही होत नाही म्हणाल्या, पण रोजची सवय असेल तर आधी डॉक्टर. बिल पन्नासच्या आत, तिन्ही स्ट्रिपा विकल्या असत्या तर त्यांचाच गल्ला वाढला असता ना. दुपारपर्यंत डोकं उतरलं.

एक स्टार कापला कारण दुपारी 1 ते 4 बंद, आणि सुट्ट्याऐवजी अजून चॉकलेटं देतात, यूपीआयचा स्कॅनर समोर असून.