ऑटोसोल मेटल पॉलिश क्रोमच्या चाकांवर: काम चोख, पण वापरायची वर्षातून एक-दोनदाच

क्रोमची चाकं चकचकीत करायला काय वापरायचं, असं विचारलं की हमखास सुचवली जाते ती ऑटोसोलची ट्यूब. जर्मनीतल्या झोलिंगनमध्ये तयार होणारी ही पेस्ट टूथपेस्टसारख्या ७५ मिलीच्या ट्यूबमध्ये मिळते. झाकण उघडलं की अमोनियासारखा उग्र वास नाकात जातो, म्हणून बंद गॅरेजमध्ये न वापरता उघड्यावर वापरावी. क्रोमवर बसलेला धुरकट थर, पाण्याचे हट्टी डाग आणि गंजाचे वरवरचे ठिपके ती खरोखर काढते. या कामासाठी तिला पूर्ण गुण. अडचण तिच्या वापराची आहे. बरेच जण धुण्याचं काम पॉलिशकडून करून घेतात आणि दोन-तीन वर्षांत क्रोमला पिवळसर झाक का आली, हे त्यांना कळत नाही.

ती झाक निकेलची असते. क्रोमच्या चाकावर क्रोमियमचा थर साधारण पाव ते अर्ध्या मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरला, तर हा थर त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ झाला. त्याखाली २० ते ४० मायक्रॉन निकेल, बहुतेक वेळा निकेलच्या खाली तांबं आणि सर्वांत खाली ॲल्युमिनियमचं मिश्रण किंवा पोलाद. आरशासारखी चमक मुख्यतः निकेलची. क्रोमियम तिला निळसर छटा देतं आणि निकेलला काळं पडू देत नाही. मेटल पॉलिशमध्ये घासणारी बारीक भुकटी असतेच, ऑटोसोलही त्याला अपवाद नाही. क्रोमियम कठीण असल्यामुळे एका वेळेला फारसं काही जात नाही, पण दर आठवड्याला घासलं तर उंचवटे आणि आऱ्यांच्या कडा आधी झिजतात. निकेल उघडं पडल्यावर तो भाग घरी दुरुस्त होत नाही.

ट्यूब उघडण्याआधी चाक खरोखर क्रोमचं आहे का ते तपासा. बाजारात ‘क्रोम’ म्हणून चार वेगळ्या गोष्टी खपतात: खरा मुलामा, नुसतं पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम, वरून पारदर्शक लॅकर असलेला चकचकीत थर, आणि अलॉयवर चिकटवलेलं क्रोमचं प्लॅस्टिक आवरण. तपासायला अगदी सोपं आहे. आऱ्याच्या मागच्या बाजूला, जिथे नजर जात नाही तिथे, मसुराच्या दाण्याएवढी पेस्ट पांढऱ्या फडक्यावर घेऊन घासा. फडकं काळं होत असेल आणि कितीही घासलं तरी काळंच येत राहिलं, तर ते उघडं ॲल्युमिनियम. आधी मळ येऊन नंतर फडकं जवळपास स्वच्छ राहिलं, तर क्रोम किंवा लॅकर. लॅकर असेल तर घासलेली जागा तिरप्या उजेडात धुरकट दिसते. तिथे लगेच थांबा, कारण मेटल पॉलिश लॅकरवर ओरखडे पाडतं. प्लॅस्टिकचं आवरण नखाने टिचकी मारल्यावर बद्द आवाज देतं आणि कडेला जोड दिसतो. अशा चाकाला पॉलिश लावूच नये, सौम्य शाम्पू पुरेसा. जोराच्या पाण्याची नळीही कडेपासून किमान ३० सेंटीमीटर लांब धरावी, नाहीतर पाणी आवरणाच्या आत शिरतं.

आता धुणं. सगळी मेहनत इथे आहे, पॉलिश हे त्यानंतरचं छोटं काम. चाक पूर्ण थंड हवं. गाडी चालवून आल्यावर हात ठेवून पाहा, कोमट लागलं तरी थांबा. तापलेल्या धातूवर क्लीनर वाळतो, त्याचे ओघळ तसेच राहतात आणि ते काढायला पुन्हा घासावं लागतं. एका वेळी एकच चाक घ्या. आधी भरपूर पाण्याने सुटी धूळ वाहू द्या, कारण ब्रेकची धूळ म्हणजे लोखंडाचे टोकदार कण. त्यांच्यावरून कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिशपेपर फिरवण्यासारखंच.

बादल्या दोन लागतात: एकीत १० लिटर पाण्यात २५-३० मिली न्यूट्रल पीएचचा (ना आम्ल, ना अल्कली) कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी, फडकं पिळायला. चाकांसाठीचं फडकं, ब्रश आणि बादली बॉडीच्या सामानापासून कायम वेगळी ठेवा. आधी रिमची आतली बाजू मऊ, लांब दांड्याच्या ब्रशने, मग आरे, मग नटांचे खड्डे लहान ब्रशने, शेवटी पुढचा भाग. दांड्याचा धातूचा भाग उघडा असेल तर त्यावर टेप गुंडाळा. क्रोमवर सर्वांत लांब ओरखडे अशा ब्रशच्या दांड्यानेच पडलेले आढळतात.

शाम्पूनंतरही बोट फिरवल्यावर खरखर लागली किंवा नारिंगी ठिपके दिसले, तर तो क्रोमचा गंज असेलच असं नाही. ब्रेकमधून उडालेले तापलेले लोहकण पृष्ठभागावर चिकटून स्वतः गंजतात. त्यासाठी लोहकण विरघळवणारा न्यूट्रल क्लीनर घ्या. सोनॅक्सचा हिरवा व्हील क्लीनर याच जातीचा. फवारल्यावर लोखंडाशी संयोग होऊन तो लालसर जांभळा होतो, म्हणून काम कुठे चाललंय ते दिसतं. ३ ते ५ मिनिटं ठेवावा, वाळू देऊ नये, मऊ ब्रश फिरवून भरपूर पाण्याने धुवावा. वास सडक्या अंड्यासारखा येतो, हातमोजे घालाच. रंग बदलला नाही तर लोखंड उरलेलं नाही, दुसऱ्यांदा फवारून बाटली संपवू नका. तेलकट चिकट्यावर मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही, तिथे शाम्पूच हवा. आणि ज्या चाकाचं क्रोम आधीच सोलायला लागलं आहे, त्यावर हा वापरू नये.

ॲसिडच्या क्लीनरबद्दल स्पष्टच सांगायला हवं: क्रोमच्या चाकावर त्यांना जागा नाही. हायड्रोक्लोरिक ॲसिड क्रोमियम विरघळवतं, आणि क्रोमच्या थरातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगांमधून आत शिरून निकेलला पोखरतं. फरशी साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचही याच कारणासाठी बाद. हायड्रोफ्लुओरिक ॲसिड असलेले क्लीनर तर त्वचेतून शरीरात भिनतात, घरगुती कामात ते आणूच नयेत. ओव्हन क्लीनरमधला कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो. मुलाम्याला एखादी भेग असली की तो खालून खाणं सुरू करतो. पहिल्या दिवशी चाक लखलखीत दिसतं, नुकसान काही आठवड्यांनी फोडांच्या रूपात वर येतं. म्हणून दोष क्लीनरला जात नाही आणि तीच बाटली पुन्हा वापरली जाते.

धुऊन, पाणी पुसून, चाक पूर्ण कोरडं झाल्यावरच ऑटोसोल. तेही धुरकटपणा किंवा डाग उरले असतील तरच. तळहाताएवढ्या भागासाठी वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जास्त घेतल्याने चमक वाढत नाही, फक्त पांढरा चोथा वाढतो. मायक्रोफायबर फडकं बोटावर गुंडाळून हलक्या दाबाने, छोट्या भागात साधारण अर्धा मिनिट फिरवा. पेस्ट काळपट झाली की ती कडकडीत वाळायची वाट न पाहता दुसऱ्या, कोरड्या फडक्याने पुसा. फडक्याची बाजू दर भागाला बदला. या पेस्टची सर्वांत मोठी गैरसोय हीच: नटांभोवती, अक्षरांच्या खाचांत आणि वॉल्व्हजवळ ती शिरून वाळते आणि पांढरी रेघ सोडते. आधी तिथे मास्किंग टेप लावा, राहून गेलीच तर मऊ टूथब्रश आणि शाम्पूच्या पाण्याने काढा. टायरच्या रबरावर लागली तर लगेच पुसा. ड्रिलवर पॉलिशचा गोळा लावून वेगात फिरवायचा मोह टाळा. तिथे दाबाचा अंदाज राहत नाही आणि कडा आधी जातात.

ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून गंज घासायचा उपाय बराच सांगितला जातो. त्यात तथ्य आहे. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा खूपच मऊ आहे, कठीणपणाच्या मोह्‌स मोजपट्टीवर ३ च्याही खाली, तर क्रोमियम ८.५ च्या आसपास. पण फॉइलवर तयार होणारा ऑक्साइड क्रोमियमपेक्षाही कठीण असतो, आणि निघालेला गंज फॉइलखाली अडकून फिरतो. त्यामुळे पोलादी चाकावरच्या एखाद्या ठिपक्यापुरता, भरपूर पाणी घेऊन, बोटाच्या हलक्या दाबाने हा उपाय ठीक. आख्खं चाक फॉइलने घासायचं नाही. स्टील वूल कितीही बारीक असो, नको. त्याचे तुकडे खाचांत राहतात आणि पुढच्या पावसात तेच गंजतात.

पॉलिशनंतर संरक्षक थर लावला नाही तर केलेलं काम वाया जातं. पेस्ट स्वतः मागे जो पातळ थर सोडते, तो चाकासाठी पुरेसा नाही. रिम फडक्याने पुसून त्यावर सिंथेटिक सीलंट लावा, बाटलीवर दिलेला वेळ राहू द्या, मग पुसून काढा. कार्नोबा हे वनस्पतीपासूनचं वॅक्स दिसायला सुंदर, पण ते ८२ ते ८६ अंशांना वितळतं, आणि घाटात सतत ब्रेक लावला की रिमचा मधला भाग चांगलाच तापतो. त्यामुळे चाकांसाठी सीलंटलाच आमची पसंती. तीन-चार महिन्यांनी पुन्हा लावा. पाणी थेंब थेंब होऊन घरंगळायचं थांबलं, की वेळ झाली समजा. सीलंट असलेल्या चाकाची धूळ साध्या शाम्पूने निघते आणि ऑटोसोलची ट्यूब महिनोन्‌महिने कपाटात राहते. ती तशी राहणं हेच चांगलं लक्षण.

समुद्राजवळ किंवा रस्त्यावर मीठ टाकतात तिथे आठवड्याला एकदा धुणं चुकवू नये. क्षार त्याच सूक्ष्म भेगांतून खाली जातात. धुतल्यावर गाडी पाच-दहा मिनिटं चालवून हळूहळू दोन-चारदा ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क कोरड्या होतात आणि गंजाचं पाणी ओघळून ताज्या क्रोमवर डाग पडत नाहीत.

एक गोष्ट टायरच्या दुकानात सांगायची असते आणि ती राहून जाते. व्हील बॅलन्सिंग करताना रिमच्या कडेला ठोकून बसवायची क्लिपवाली वजनं लावू देऊ नका. क्लिपखाली मुलामा चिरतो, पाणी साचतं आणि सोलणं तिथूनच सुरू होतं. आतल्या बाजूला चिकटवायची वजनं मागा.

ही पेस्ट काय करू शकत नाही, हेही घेण्याआधी पाहा. बोटाला लागणारे खड्डे, उठलेले फोड आणि सुटलेले पापुद्रे पॉलिशने जात नाहीत. घासलं तर पापुद्र्याची धार आणखी उचलते आणि हात कापतो. अशा चाकाला जुना मुलामा पूर्ण उतरवून, धातू सपाट करून पुन्हा मुलामा द्यावा लागतो, आणि खड्डे खोल असतील तर चाक बदलणं बरं. सोलणं टायर टेकतो त्या आतल्या कडेपर्यंत पोचलं, तर टायर आणि रिममधली पकड हवाबंद राहत नाही. पंक्चर नसताना एकाच चाकातली हवा दर आठवड्याला थोडी उतरत असेल तर टायर काढून ती कड तपासून घ्या, आणि तोवर त्या चाकासाठी ऑटोसोलची ट्यूब विकत घेऊ नका.