मन शांत करायला लाकूड कोरायचंय, साग की शिवण?

आपल्या जळगाव-धुळ्याकडे वखारीत सागाचे तुकडे सहज मिळतात, दिसतातही भारी, पण नवख्याने शिवणच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. सागात सिलिका (वाळूसारखे कठीण कण) असते त्यामुळे पटाशीची, म्हणजे लाकूड कोरायच्या छिन्नीची, धार लवकर जाते, मग जोर लावा, चिडचिड करा, आधीच डोक्यात ईएमआय आणि ऑफिसचं टेन्शन. शिवण हलकं, मऊ, लाकडाच्या रेषेच्या दिशेने पटाशी चालवली की पातळ ढलपी गोल वळून निघते अन् तेवढा वेळ मोबाईल आठवतच नाही, हात आणि श्वास एका लयीत येतात खरंच. टिकाऊपणात साग पुढे, तेलामुळे वाळवी सहसा लागत नाही. पॉलिश पेपर मारताना मास्क लावाच, सागाची धूळ घशाला त्रास देते. रात्रीची झोपच उडाली असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.